जबाबातली तफावत आणि मेंदूचा दाखला

दोन जबाबांत तफावत सापडली की उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाचं अर्धं काम झालेलं असतं. पहिल्या जबाबात दार उघडं होतं म्हणालात, आज लोटलेलं होतं म्हणता, मग खरं काय? त्याच्या हातात काठी होती हे तर आधी कुठेच नाही, ते मागाहून सुचलं का? साक्षीदार गोंधळतो, चिडतो किंवा गप्प होतो, आणि तिन्हींचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावता येतो. यामागचं गृहीतक साधं आहे. ज्याच्यावर खरोखर प्रसंग गुदरला त्याची हकिगत दर वेळी सारखीच येणार. बदलली तर तो खोटं बोलतोय. गंमत म्हणजे ती दर वेळी शब्दाला शब्द तशीच आली, तर हाच साक्षीदार पढवलेला ठरतो.

हे गृहीतक तपासून पाहणारा एक छोटा अभ्यास २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मानसशास्त्रज्ञ जेन हर्लिही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोसोव्हो आणि बोस्नियातून ब्रिटनमध्ये आलेल्या ३९ निर्वासितांची प्रत्येकी दोनदा मुलाखत घेतली. एक भीषण प्रसंग सांगा आणि एक साधा. काही आठवड्यांनी, काहींच्या बाबतीत काही महिन्यांनी, पुन्हा तेच प्रश्न. या लोकांना ब्रिटनमध्ये राहायची परवानगी आधीच मिळालेली होती, त्यामुळे खोटं बोलून त्यांच्या पदरात काही पडणार नव्हतं. तरीही दोन हकिगतींत तफावती सर्रास निघाल्या. मुख्य घटनेत कमी, आजूबाजूच्या तपशिलांत जास्त. आणि ज्यांना आघातोत्तर ताणविकाराचा, म्हणजे आता सगळ्यांच्या तोंडी असलेल्या पीटीएसडीचा, त्रास अधिक होता, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधलं अंतर जितकं मोठं तितक्या तफावती वाढलेल्या. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त लागलंय आणि ज्याचं प्रकरण सगळ्यांत जास्त रेंगाळलंय, तोच कागदावर सगळ्यांत खोटारडा दिसणार. आश्रयाचे अर्ज ‘हकिगतीत सुसंगती नाही’ एवढ्या शेऱ्यावर फेटाळले जातात तेव्हा नेमकी कोणती माणसं गाळली जातात, याचा अंदाज यावरून यावा.

इथपर्यंत वाचून पीडितांच्या बाजूने लढणारे माना डोलावतील. पण याच विषयावरचा आणखी एक अभ्यास त्यांनाही अडचणीचा आहे. अमेरिकेत स्टीव्हन साउथविक आणि सहकाऱ्यांनी १९९१च्या आखाती युद्धातून परतलेल्या ५९ सैनिकांना एका महिन्याने आणि मग दोन वर्षांनी युद्धातल्या अनुभवांबद्दलचे तेच १९ प्रश्न विचारले. ८८ टक्के जणांचं किमान एक उत्तर बदललं. ७० टक्के जणांनी दोन वर्षांनी असा एखादा अनुभव सांगितला, जो पहिल्या खेपेला त्यांनी नोंदवलाच नव्हता. ज्यांना पीटीएसडीची लक्षणं जास्त, त्यांच्या आठवणीत भरही जास्त. १९९७ साली हे निष्कर्ष आले. या सैनिकांना कोणी लबाड म्हणणार नाही. पण आघाताची आठवण नुसती झिजते असं नाही, ती वाढतेही, आणि वाढलेला भाग सांगणाऱ्याला मुळातल्या भागाइतकाच खरा वाटतो, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आघात आणि स्मृती यांवरच्या संशोधनाचा उपयोग हकिगत तुटक का आहे हे समजून घ्यायला होतो. ती तुटक आहे म्हणून खोटी, असं त्यातून निघत नाही. ती तुटक आहे म्हणून खरी, असंही निघत नाही. कोर्टांत, चौकशी समित्यांपुढे आणि टीव्हीवरच्या चर्चांत मात्र या दोनच बाजू दिसतात.

मेंदूत होतं तरी काय? भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं उसळतात आणि अमिग्डला नावाचा मेंदूतला छोटासा भाग, आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जणू हुकूम सोडतो की हे विसरायचं नाही. जेम्स मॅगॉ यांनी या विषयावर अनेक दशकं काम केलं. १९९४ साली त्यांनी आणि लॅरी केहिल यांनी काही जणांना अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारं प्रोप्रॅनोलॉल देऊन एक हृदयद्रावक गोष्ट दाखवली. एरवी अशा गोष्टीतला हादरवणारा भाग लोकांना जास्त लक्षात राहतो. गोळी घेतलेल्यांच्या बाबतीत तो फायदा दिसला नाही. म्हणजे भीतीमुळे आठवण पक्की होते हे खरं आहे. पण कशाची? तर त्या क्षणी ज्यावर लक्ष खिळलं होतं त्याची. पिस्तुलाची नळी आठवते, धरणाऱ्याचा चेहरा नाही. आवाज आठवतो, तारीख नाही. आणि ताण कमालीचा वाढला की घटनाक्रम आणि जागा यांची सांगड घालण्याचं हिप्पोकॅम्पसचं कामच विस्कळीत होऊ शकतं.

हे चित्र आता प्रशिक्षणवर्गांत इतक्या ठाशीवपणे रंगवलं जातं की मला त्याची थोडी धास्तीच वाटते. उंदरांवर आणि प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांवर मिळालेले निष्कर्ष रंगीत आकृतीत बसवायचे आणि ‘आघाताची आठवण अशीच असते’ म्हणून सांगायचं. संशोधकांत याबद्दल एकमत नाही. हार्वर्डचे रिचर्ड मॅक्नॅली वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की भयंकर प्रसंग लोकांना बहुधा नको तितके नीट आठवतात. आघाताने हिप्पोकॅम्पस आक्रसतो, हेही असंच एक लाडकं विधान. २००२ साली मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धात लढलेल्या सैनिकांची तुलना युद्धावर न गेलेल्या त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावांशी केली. पीटीएसडी झालेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, पण घरी राहिलेल्या त्यांच्या भावांचाही लहानच निघाला. म्हणजे निदान तिथे तरी तो आघाताचा व्रण नसून आधीपासूनची ठेवण असावी. एखाद्याच्या मेंदूचं छायाचित्र दाखवून ‘बघा, याच्यावर अत्याचार झालाय’ असं म्हणू पाहणाऱ्याने हे विसरू नये.

चेहऱ्यांच्या बाबतीत तर फारच जपून राहायला हवं. मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स मॉर्गन यांनी २००४ साली अमेरिकी लष्कराच्या एका प्रशिक्षणाचा उपयोग करून घेतला. त्यात सैनिकांना युद्धकैद्यांसारखं डांबून, उपाशी आणि जागं ठेवून त्यांची चौकशी केली जाते. ५०० हून अधिक जण या अभ्यासात होते. चौकशी करणारा अर्धा तास समोर, चांगल्या उजेडात, चेहरा उघडा. सुटकेनंतर एका दिवसाने ओळखपरेड. जिथे चौकशी शांतपणे झाली तिथे ६२ टक्के जणांनी योग्य माणूस ओळखला. जिथे धमकावणी आणि धक्काबुक्की झाली तिथे अवघ्या ३० टक्के जणांनी. आणि ही धडधाकट, प्रशिक्षित माणसं होती. तेव्हा ‘तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही’ हे वाक्य कितीही कळवळून उच्चारलेलं असलं, तरी त्यावर एकट्यावर कोणाला तुरुंगात पाठवू नये.

जॉन डेमयान्युकचा खटला यासाठी पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. ट्रेब्लिंका इथल्या नाझी मृत्युछावणीत ‘इव्हान द टेरिबल’ म्हणून ओळखला जाणारा क्रूरकर्मा तो हाच, असं त्या छावणीतून वाचलेल्या साक्षीदारांनी इस्रायलच्या न्यायालयात सांगितलं. ती माणसं खोटं बोलत होती असं म्हणायची कोणाची छाती होईल? १९८८ साली डेमयान्युकला फाशीची शिक्षा सुनावली गेली. डच मानसशास्त्रज्ञ विलेम वाखनार बचावपक्षाच्या वतीने साक्षीला उभे राहिले होते. ट्रेब्लिंकात काय घडलं याबद्दल त्यांचा वाद नव्हता. साक्षीदारांना छायाचित्रं कशी दाखवली गेली याबद्दल होता. डेमयान्युकचा फोटो शेजारच्या फोटोंपेक्षा मोठा आणि स्पष्ट होता. १९९३ साली इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं, कारण तो इव्हान दुसराच कोणी, इव्हान मार्चेंको नावाचा माणूस असावा असं दाखवणारी कागदपत्रं समोर आली होती. डेमयान्युक धुतल्या तांदळासारखा होता असं मात्र नाही. २०११ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याला सोबिबोर छावणीतल्या हत्यांमध्ये मदत केल्याबद्दल दोषी ठरवलं. अपील चालू असतानाच तो वारला. आठवण मुख्य गोष्टीत खरी, माणसाच्या ओळखीत चुकलेली, आणि चूक व्हायला फोटो दाखवण्याच्या पद्धतीने हातभार लावलेला, असं सगळं एकाच प्रकरणात क्वचित सापडतं.

वाखनार यांनीच नेदरलँड्समधल्या एरिका छावणीच्या कैद्यांचे १९४०च्या दशकातले जबाब आणि ऐंशीच्या दशकातल्या मुलाखती समोरासमोर ठेवून पाहिल्या होत्या. चाळीस वर्षांनीही छावणीचं जिणं लोकांना तपशिलात आठवत होतं, पण काही जण आपल्याला छळणाऱ्याचं नाव किंवा रूप विसरले होते. म्हणून छावणी नव्हतीच असा निष्कर्ष कोणीही काढला नाही. मग एकट्यादुकट्या स्त्रीच्या किंवा मुलाच्या बाबतीत तो इतक्या चटकन कसा निघतो?

स्मृतीवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचं नाव इथे घ्यावंच लागतं. १९७४ साली जॉन पामर यांच्यासह त्यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताचं चित्रण दाखवलं. काहींना विचारलं, गाड्या आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींसाठी ‘आदळल्या’च्या जागी ‘एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचं क्रियापद. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? चित्रणात काचा नव्हत्याच. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, जहाल शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६. एका क्रियापदाने एवढं केलं. पुढे, नव्वदच्या दशकात, काही थेरपिस्ट संमोहनाने आणि सूचक प्रश्नांनी ‘दडपलेल्या’ आठवणी बाहेर काढू लागले तेव्हा त्यांना आव्हान देण्यात लॉफ्टस आघाडीवर होत्या. त्यांचं त्या काळचं काम आवश्यक होतं असंच माझं मत आहे. वडिलांनी खून केल्याचं मुलीला वीस वर्षांनी आठवल्याच्या साक्षीवर जॉर्ज फ्रँकलिन याला १९९० साली दोषी ठरवलं गेलं, आणि तो निकाल १९९५ मध्ये रद्द झाला. पण लॉफ्टस यांच्याच एका प्रयोगात लहानपणी बाजारात हरवल्याची खोटी आठवण २४ पैकी सहा जणांत रुजवता आली, एवढ्यावरून गेल्या महिन्यातल्या हल्ल्याबद्दल बोलणाऱ्या बाईची आठवणही कोणीतरी रुजवली असेल अशी उडी मारायची, हे विज्ञान नव्हे. बचावपक्षाचे वकील ती उडी नेहमी मारतात. लॉफ्टस २०२०च्या हार्वी वाइनस्टीन खटल्यासह अनेक ठिकाणी बचावाच्या बाजूने साक्ष देत आल्या आहेत. तो त्यांचा हक्क आहे, पण त्यामुळे एका शास्त्राला कायमची बाजू चिकटली हे काही चांगलं झालं नाही.

२०१८च्या सप्टेंबरमध्ये एक मानसशास्त्रज्ञच साक्षीदार म्हणून अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे बसली. क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या ब्रेट कॅव्हनॉ यांच्यावर किशोरवयातल्या लैंगिक हल्ल्याचा आरोप केला होता. कॅव्हनॉ यांनी तो ठामपणे नाकारला. इतकी खात्री कशी, असं विचारल्यावर फोर्ड यांनी नॉरएपिनेफ्रिन या ताणाच्या वेळी उसळणाऱ्या रसायनाचा आणि हिप्पोकॅम्पसचा हवाला दिला. घटना पक्की बसते, बाकीचे तपशील वाहून जातात. घरी कशी पोचले, घर कोणाचं होतं, हे त्यांना आठवत नव्हतं. एका बाजूने हा खुलासा म्हणजे पुरावाच मानला, दुसऱ्या बाजूने पळवाट. दोन्ही चूक. असं होऊ शकतं, इतकंच त्यातून कळतं. झालं का, ते कळत नाही.

त्या सुनावणीतला मला सर्वांत बोलका वाटलेला क्षण मात्र वेगळाच होता. रिपब्लिकन सिनेटरांच्या वतीने प्रश्न विचारायला आणलेल्या सरकारी वकील रेचेल मिचेल यांनी फोर्ड यांना शेवटी विचारलं की आघात सोसलेल्याची मुलाखत पाचपाच मिनिटांच्या तुकड्यांत घ्यावी, असं कोणताच अभ्यास सांगत नाही, हे तुम्हाला पटेल का? सभागृहात हसू उमटलं. एकांतात, प्रशिक्षित व्यक्तीने, सांगणाऱ्याला सलग बोलू द्यावं, हे त्या स्वतःच बोलून गेल्या. मग काही दिवसांनी त्यांनीच अहवाल लिहिला आणि त्यात आठवणीतल्या त्रुटींची यादी दिली. सदोष पद्धतीने विचारायचं, तेही पस्तीसेक वर्षांनी, आणि त्रुटी निघाल्या की त्या साक्षीदाराच्या खात्यावर मांडायच्या. आरोप खरा असो वा खोटा, या मार्गाने तो कळणार कसा?

खरी गोम जबाब घेण्याच्या खोलीत आहे. समोरचा माणूस सांगतो, ‘तो मागून आला... नाही, आधी आवाज झाला. काहीतरी पडलं. मग केस ओढले. दिवे गेले होते वाटतं, किंवा मीच डोळे मिटले असतील.’ लिहिणारा क्षणभर थांबतो आणि लिहितो, ‘त्यानंतर सदर इसमाने पाठीमागून येऊन माझे केस ओढले. त्या वेळी खोलीतील दिवे बंद होते.’ ‘वाटतं’ गेलं, ‘किंवा’ गेलं, आवाज गेला, पडलेली वस्तू गेली. वर्षभराने हाच माणूस कोर्टात सांगतो की त्याला आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि दिव्याच्या उजेडात पायातले बूट दिसले. झाली तफावत. पण ती साक्षीदाराच्या दोन बोलण्यांमधली आहे की साक्षीदार आणि लेखनिक यांच्यातली? शिवाय कागदावर उत्तरंच तेवढी येतात. ‘शर्ट निळा होता ना?’ या प्रश्नाला मान हलली की ‘आरोपीने निळा शर्ट घातला होता’ हे साक्षीदाराचं वाक्य होऊन बसतं. काचा नेमक्या अशाच फुटतात.

यावरचा उपाय काही नवा शोधायचा नाही. रॉन फिशर आणि एड गायझलमन यांनी ऐंशीच्या दशकात मुलाखतीची एक पद्धत बसवली. प्रसंगाची जागा, वातावरण मनात आणायला सांगायचं, मोकळा प्रश्न टाकायचा, मध्ये तोडायचं नाही, आठवत नसेल तर तसं म्हणायची मुभा द्यायची. इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांनी १९९२ पासून सूचक प्रश्नांना फाटा देणारी स्वतःची पद्धत स्वीकारली. २०२१ मध्ये आलेली मेंडेझ तत्त्वं, म्हणजे चौकशीतल्या मुलाखतींसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, तेच संशयितांच्या चौकशीला लावतात, आणि ते फार महत्त्वाचं आहे. दमलेल्या, घाबरलेल्या संशयितालाही त्याच खोलीत, त्याच सूचक प्रश्नांनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायला लावता येते. पहिला जबाब लवकर, मोकळ्या प्रश्नांनी आणि ध्वनिचित्रमुद्रणासह घेतला तर त्याचा लाभ फिर्यादीला आणि आरोपीला सारखाच होतो. मुद्रणात प्रश्नही ऐकू येतात. मग न्यायाधीशाला ठरवता येतं की निळा शर्ट कोणाच्या तोंडून आधी निघाला.

आक्षेप येईल की अशाने उलटतपासणीची धारच जाईल. आरोपीच्या हातात दुसरं असतं तरी काय? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. निरपराध माणूस बरेचदा तफावत पकडूनच सुटलेला आहे. पण धार जात नाही, ती योग्य जागी लागते. दार उघडं होतं की लोटलेलं यावर तासभर घालवण्याऐवजी वकिलाने विचारावं की मुलाखत किती वेळा झाली, दोन साक्षीदार आधी एकमेकांशी बोलले का, फोटो कोणी दाखवले आणि दाखवणाऱ्याला संशयित कोण ते माहीत होतं का. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीतल्या मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या आरोपांचा खटला १९९० साली एकाही शिक्षेविना संपला. तिथे मुलांना विचारलेल्या प्रश्नांच्या चित्रफिती उपलब्ध होत्या, म्हणूनच त्या प्रश्नांनी केलेली नासधूस बाहेर आली.

मेंदू थेट वाचून हा सगळा खटाटोप टाळता येईल अशी आशा अधूनमधून डोकं वर काढते. नार्को चाचणी आणि ब्रेन मॅपिंग संमतीवाचून करता येणार नाही, असा निकाल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी प्रकरणात दिला, तो प्रामुख्याने व्यक्तीच्या हक्कांचा विचार करून. पण संमती असली तरी अडचण राहतेच. माणसाला जे मनापासून खरं वाटतं आणि जे खरोखर घडलं, यांत भेद करणारं भरवशाचं यंत्र अजून बनलेलं नाही.

उरतो उपचारांचा प्रश्न, आणि त्यात सर्वांत जास्त क्रूरपणा चालतो. साक्ष होईपर्यंत समुपदेशकाकडे जाऊ नका, नाहीतर आठवण ‘दूषित’ झाली असं बचावपक्ष म्हणेल, असा सल्ला पीडितांना दिला जातो. खटला वर्षानुवर्षं चालतो, आणि तेवढी वर्षं झोप उडालेली, दचकणारी व्यक्ती तशीच ठेवायची. भीती अगदीच निराधार नाही. वाईट थेरपीने आठवणी वाकवल्याचे दाखले वर आलेच आहेत. दुसऱ्या टोकाला, घटनेनंतर लगेच प्रत्येकाला बसवून एकाच बैठकीत मन मोकळं करायला लावण्याचा प्रकारही उपयोगी नाही. २००२ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्याने दाखवलं की त्याने पीटीएसडी टळत नाही, उलट अपाय होऊ शकतो. म्हणून पहिली मुलाखत म्हणजे भावना उकरून काढणं नव्हे, हे घेणाऱ्याला पक्कं माहीत असलं पाहिजे. इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी अभियोग सेवेने २०२२ मध्ये नवं मार्गदर्शन काढलं की खटल्यासाठी उपचार लांबवू नयेत. बाकीच्यांनी त्याची री ओढायला हरकत नाही, पण त्यासाठी आधीचं काम झालेलं हवं. पहिली हकिगत, तिच्यातल्या सगळ्या ‘वाटतं’ आणि ‘किंवा’सकट, मुद्रित होऊन सीलबंद झाली की नंतर उपचारांत आठवणीला काय झालं ते दोन्ही बाजूंना त्या मूळ प्रतीशी ताडून पाहता येतं, आणि पीडितेला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला कोणाची आडकाठी राहत नाही.